पन्नास किलोंचा मुलूख

विजयाची तारीख, विजेत्याचे नाव आणि पदकाचा धातू एवढ्या तीन बाबी नोंदल्या, की क्रीडेच्या इतिहासाचे दप्तर पूर्ण झाले असे मानण्याची रीत पडून गेली आहे; परंतु ज्या रिंगणात तो विजय मिळाला त्याच्या सीमा कोणी आखल्या, किती वजनाच्या व्यक्तीने किती वजनाच्या प्रतिस्पर्ध्यासमोर उभे राहावयाचे हे कोणत्या सभेत ठरले, आणि त्या ठरावाने कोणाचे कर्तृत्व उजेडात आले व कोणाचे झाकोळले गेले, याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही. तुर्कस्तानची कराटेपटू सेराप ओझचेलिक हिची कारकीर्द मात्र हा हिशेब मांडल्यावाचून उलगडत नाही. ५० किलोंच्या आतील गटात २०१४ साली जगज्जेतेपद मिळविणारी ही स्त्री २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये उतरली, तेव्हा तिच्या वजनाचा गटच त्या स्पर्धेच्या नियमावलीत नव्हता. ज्या मुलखात तिने राज्य केले, तो मुलूखच नकाशावरून पुसला गेला होता, आणि शेजारच्या मोठ्या मुलखात जाऊन तिला आपले शौर्य नव्याने सिद्ध करावे लागले.

तुर्की स्त्रियांचे क्रीडाक्षेत्रातील पदार्पण हे तेथील प्रजासत्ताकाच्या उदयाशी निगडित आहे. १९२३ साली प्रजासत्ताक घोषित झाले. १९३० साली स्त्रियांना नगरपालिकांच्या आणि १९३४ साली राष्ट्रीय विधिमंडळाच्या निवडणुकीत मताधिकार मिळाला. आणि त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये, हालेत चाम्बेल आणि सुआत फेतगेरी आशेनी या दोन तरुणी तलवारबाजीच्या स्पर्धेत आपल्या देशाच्या वतीने उभ्या राहिल्या. त्या वेळी हिटलरला भेटण्याविषयी त्यांना विचारण्यात आले असता आपण ती भेट नाकारली, ही हकीकत चाम्बेल यांनी पुढे स्वतः सांगितली आहे. त्याच चाम्बेल पुढे थोर पुरातत्त्वज्ञ झाल्या, आणि दक्षिण तुर्कस्तानातील कारातेपे येथील प्राचीन शिलालेख व शिल्पे यांच्या संशोधनात व जतनात त्यांनी आपले उभे आयुष्य वेचले. मुष्टी, शस्त्र आणि लेखणी या तिन्हींचा अधिकार स्त्रीला आहे, ही त्या नव्या राष्ट्राची प्रतिज्ञा होती, आणि तिचा पहिला जाहीर उच्चार बर्लिनच्या त्या मैदानात झाला असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि पदार्पणापासून पदकापर्यंतचे अंतर ५६ वर्षांचे ठरले. १९९२ साली बार्सिलोना येथे ह्युल्या शेन्युर्त हिने ज्युदोमध्ये कांस्यपदक मिळविले, आणि ऑलिंपिकचे पदक जिंकणारी ती पहिली तुर्की स्त्री ठरली. २००४ साली अथेन्स येथे नुरजान तायलान हिने भारोत्तोलनात एकूण २१० किलो वजन उचलून सुवर्णपदक पटकावले, आणि हा मान मिळविणारी पहिली तुर्की स्त्री म्हणून तिचे नाव नोंदले गेले. या दोघींमध्ये एक साम्य आहे, आणि प्रस्तुत कथेच्या दृष्टीने ते फार बोलके आहे. दोघीही ४८ किलोंच्या गटातल्या, म्हणजे आपापल्या खेळातील सर्वांत हलक्या गटातल्या होत्या. तुर्कस्तानच्या स्त्रियांसाठी ऑलिंपिकचा दरवाजा उघडला तो सडपातळ, ठेंगण्या आणि विजेसारख्या चपळ खेळाडूंनी. आणि तो उघडू शकला याचे एक कारण असे, की त्या खेळांच्या नियमावलीत हलक्या शरीरासाठी एक स्वतंत्र जागा राखून ठेवलेली होती. गटच नसता तर शेन्युर्त आणि तायलान यांच्या अंगच्या बळाचा जगाला पत्ता लागला असता किंवा कसे, याची शंकाच आहे.

कराटेचा प्रवास याहून वेगळ्या वाटेने झाला. ओकिनावा बेटावर रुजलेली ही विद्या १९२२ साली गिचिन फुनाकोशी यांनी टोकियोत जाहीर प्रात्यक्षिकाद्वारे मांडली; तेथून ती जपानच्या विद्यापीठांत पसरली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप व अमेरिका खंडांत पोहोचली. १९७० साली टोकियोतच पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली, परंतु तिच्यात स्त्रियांना स्थान नव्हते. त्यांना प्रथम प्रवेश मिळाला तो १९८० साली माद्रिद येथे, आणि तोही केवळ ‘काता’ या विभागात, म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्यांशी करावयाच्या आखीव हालचालींच्या प्रदर्शनात. प्रत्यक्ष लढतीची, ‘कुमिते’ची, परवानगी १९८२ च्या तैपेई येथील स्पर्धेपासून मिळाली, आणि त्या वेळी स्त्रियांसाठी ५३ किलोंच्या आत, ६० किलोंच्या आत आणि ६० किलोंच्या वर असे अवघे तीन गट आखण्यात आले. ४५ किलोंची मुलगी आणि ५३ किलोंची मुलगी एकाच मापाने मोजल्या जाणार होत्या. ही विषमता ध्यानात येऊन दूर व्हावयास जवळजवळ तीन दशके लागली. २०१० च्या बेलग्रेड येथील जागतिक स्पर्धेपर्यंत स्त्रियांचे गट पाच झाले: ५०, ५५, ६१ व ६८ किलोंच्या आतले चार, आणि ६८ किलोंच्या वरचा पाचवा. पन्नास किलोंचा मुलूख असा अस्तित्वात आला, आणि १९८८ साली जन्मलेली सेराप ओझचेलिक त्या वेळी ऐन बाविशीत होती.

तुर्कस्तानात या विद्येला जो आश्रय मिळाला, त्यात नगरपालिकांचा वाटा मोठा आहे. फुटबॉलच्या धनाढ्य संघांनी वर्तमानपत्रांची पाने व्यापली असली, तरी ज्यांच्या खेळाला तिकीट काढून गर्दी करणारा प्रेक्षक लाभत नाही अशा वैयक्तिक खेळांतील मुलामुलींना तालीम, प्रशिक्षक आणि प्रवासखर्च पुरविण्याचे काम तेथील नगरपालिकांचे व महानगरपालिकांचे क्रीडासंघ करीत आले आहेत. इझमित शहरात कागदाच्या सरकारी कारखान्याच्या छायेखाली वाढलेला ‘कागितस्पोर’ हा संघ पुढे कोजाएली महानगरपालिकेच्या पदरी आला. त्याच कोजाएलीत २०१७ साली युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा भरली, आणि तिच्या दोन वर्षे आधी, २०१५ साली, हाच मान इस्तंबूलला मिळाला होता. नागरिकांच्या करातून चालणाऱ्या अशा व्यायामशाळांत, बोस्फोरसच्या दोन्ही तीरांवर आणि अनातोलियाच्या गावोगावी, मुलींच्या एका पिढीने पांढरे गणवेश अंगावर चढविले. सेरापच्या पूर्वी यिल्दिझ आरास हिने जड वजनाच्या गटात आपला दरारा निर्माण केला होता. तेव्हा तुर्की कराटेत स्त्रीचे स्थान नवे नव्हते. नवे होते ते हलक्या गटातून जगाच्या शिखरावर पोहोचण्याचे साहस.

या लढतीचे स्वरूप नीट समजावे म्हणून ती थोडी जवळून पाहिली पाहिजे. ८ मीटर लांब व तितक्याच रुंद अशा गादीवर दोन स्त्रिया समोरासमोर येतात. एकीचा पट्टा लाल, दुसरीचा निळा. हातमोजे आणि पायांवरची आवरणेही त्याच रंगांची. दातांवर रक्षक, छातीवर कवच, आणि चेहरा मात्र उघडा. दोघी कमरेत वाकून नमस्कार करतात, मुख्य पंच आरंभाचा जपानी हुकूम देतो, आणि त्या क्षणापासून दोघींचे तळवे गादीवर स्थिर म्हणून राहत नाहीत. टाचा किंचित उचललेल्या, अंग एका लयीत पुढेमागे हेलकावणारे, आणि दोघींमधले अंतर एखाद्या वितीने वाढते व घटते. डोक्यावर किंवा धडावर नेमका लागलेला ठोसा एका गुणाचा, धडावरची लाथ दोन गुणांची, आणि मस्तकाच्या उंचीवर पोहोचलेली लाथ, किंवा भुईवर पाडलेल्या प्रतिस्पर्ध्यावर केलेला निर्णायक प्रहार, तीन गुणांचा. या शास्त्रातील खरी कसोटी ही, की प्रहार संपूर्ण वेगाने सुटला पाहिजे आणि चेहऱ्याच्या त्वचेपाशी येऊन आवरला गेला पाहिजे. जो हात आवरला जात नाही त्याला दंड, आणि जो पोहोचत नाही त्याला गुण नाही. कोपऱ्यांत बसलेल्या चार पंचांचे लाल-निळे ध्वज क्षणार्धात वर जातात, आणि पुष्कळदा प्रेक्षकाला तो प्रहार ध्वज वर गेल्यावरच कळतो.

हलक्या गटात हा वेग पराकोटीला जातो. तेथे एका धक्क्याने प्रतिस्पर्धी हलत नाही, कारण धक्का देणारीचे वजनही तेवढेच. तेथे अंतराचा अंदाज, पुढच्या पायाची झेप आणि मागच्या हाताचा सरळ प्रतिप्रहार या तीन गोष्टींवर सर्व मदार असते. सेराप ओझचेलिक हिची सारी घडण या शाळेतली. धीराने अंतर राखावे, समोरची किंचित पुढे सरली की त्याच क्षणी तिच्या आत शिरावे, आणि गुण घेऊन पुन्हा अंतरावर यावे, ही हलक्या गटाची रणनीती. आणि ती वर्षानुवर्षे अखंड निभावण्यासाठी शरीराइतकीच बुद्धीही ताजी राहावी लागते.

२०१४ च्या नोव्हेंबर महिन्यात जर्मनीतील ब्रेमेन येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली, आणि तेथे ५० किलोंच्या गटात सेराप जगज्जेती झाली. त्याच स्पर्धेत ८४ किलोंच्या वरील पुरुषांच्या गटात एनेस एर्कान यानेही तुर्कस्तानला सुवर्णपदक मिळवून दिले, त्यामुळे सर्वांत हलक्या स्त्रियांचा आणि सर्वांत जड पुरुषांचा असे कराटेच्या तराजूचे दोन्ही टोकांचे मान एकाच देशाकडे गेले. वयाच्या २६ व्या वर्षी सेरापने हे शिखर गाठले. पुढच्याच वर्षी, २०१५ च्या जून महिन्यात, अझरबैजानच्या बाकू नगरीत पहिल्यावहिल्या युरोपीय क्रीडास्पर्धा झाल्या. त्यांतही ५० किलोंच्या गटाचे सुवर्णपदक तिनेच जिंकले. युरोपातील कराटे हे जगातील कराटेचे बलाढ्य अंग असल्यामुळे फ्रान्स, स्पेन, इटली, युक्रेन, ऑस्ट्रिया या देशांच्या खेळाडूंना मागे टाकणे हे जागतिक पदकाहून फारसे सोपे नव्हे. त्या दोन वर्षांत सेराप ओझचेलिक हिला आपल्या गटात कोणाकडूनही सनद मिळवावयाची उरली नव्हती.

मात्र त्या वेळेपर्यंत कराटेला ऑलिंपिकचे दार बंद होते. १९९९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने जागतिक कराटे महासंघाला मान्यता दिली, तरी मान्यता म्हणजे प्रवेश नव्हे. २००५ साली सिंगापूरच्या सभेत कराटे व स्क्वॉश ही नावे अंतिम मतदानापर्यंत आली, परंतु आवश्यक ते दोन-तृतीयांश मताधिक्य मिळाले नाही. २००९ साली गोल्फ व रग्बी यांची निवड झाली. २०१३ साली ब्वेनोस आयरेसच्या सभेने कुस्तीला पुनःस्थापित केले. आणि दोन्ही वेळा कराटेची दरखास्त मागे पडली. अखेर यजमान शहराला आपल्या पसंतीचे खेळ सुचविण्याचा अधिकार मिळाला, टोकियोने आपल्या मातीतील या विद्येची शिफारस केली, आणि ३ ऑगस्ट २०१६ रोजी रिओ येथील अधिवेशनात बेसबॉल-सॉफ्टबॉल, स्केटबोर्डिंग, क्रीडा-गिर्यारोहण आणि सर्फिंग यांच्यासमवेत कराटेला टोकियोपुरता प्रवेश मंजूर झाला. सेरापच्या बाकूच्या विजयाला तेव्हा एक वर्ष होऊन गेले होते, आणि टोकियो चार वर्षे दूर होते.

त्या मंजुरीला एक अट जोडलेली होती, आणि या अटीतच आपल्या कथेचे मर्म आहे. ऑलिंपिकमधील खेळाडूंची एकूण संख्या मर्यादेत ठेवणे ही समितीची जुनी चिंता. त्यामुळे कराटेच्या वाट्याला अवघ्या ८० जागा आल्या. त्यांची विभागणी ८ स्पर्धांत, प्रत्येकी १० खेळाडू, अशी झाली. पुरुषांचा एक काता आणि स्त्रियांचा एक काता वजा करता लढतीसाठी उरले पुरुषांचे तीन आणि स्त्रियांचे तीन गट. जागतिक महासंघाच्या स्वतःच्या नियमावलीत पाच गट. ऑलिंपिकच्या फर्मानात तीन. पाचांचे तीन करताना ५० व ५५ किलोंचे गट एकत्र करून ५५ किलोंच्या आतला एक गट केला गेला. ६८ किलोंच्या आतला व वरचा हे दोन्ही मिळून ६१ किलोंच्या वरचा एक गट झाला. आणि मधला ६१ किलोंचा गट तेवढा जसाच्या तसा राहिला. समितीच्या टाचणात ही केवळ एक बेरीज होती. ज्यांच्या शरीरावर ती बेरीज लादली गेली, त्यांच्या दृष्टीने मात्र तिचा अर्थ वेगळा होता.

५ किलो म्हणजे ५० किलोंचा दहावा हिस्सा. जिचे स्वाभाविक वजन ५७ किंवा ५८ किलो आहे ती खेळाडू आहार आवरून ५५ च्या गटात येते, आणि वजन झाल्यावर पुन्हा आपल्या मूळ बळाला पोहोचते; तिच्या समोर ५० किलोंची स्त्री उभी राहते तेव्हा उंचीचा, हाताच्या पल्ल्याचा आणि पावलाच्या झेपेचा फरक साऱ्या गणितात मिसळतो. हलक्या गटातील खेळाडूपुढे त्यामुळे दोनच मार्ग राहतात: अंगावर मांस चढवून वेग गमवावा, किंवा वेग राखून पल्ल्याचा तोटा सोसावा. तिसरा मार्ग नव्हता. शिवाय महासंघाच्या जागतिक व युरोपीय स्पर्धा जुन्याच पाच गटांत चालू होत्या, म्हणजे ५० च्या गटात मान राखावयाचा आणि त्याच वेळी ५५ च्या लढतीची तयारी करावयाची, असा दुहेरी भार या स्त्रियांनी त्या काळात वाहिला.

सेराप तिशीत पोहोचली तेव्हाही तिच्या धारेला गंज चढलेला नव्हता. नोव्हेंबर २०१८ मध्ये माद्रिद येथे भरलेल्या जागतिक स्पर्धेत तिने ५० किलोंच्या गटाची अंतिम फेरी गाठली. तेथे जपानच्या मिहो मियाहारा हिने तिला नमविले, आणि तुर्कस्तानच्या वाट्याला रौप्यपदक आले. ब्रेमेनच्या सुवर्णानंतर चार वर्षांनी माद्रिदमध्ये पुन्हा अंतिम फेरी गाठणे ही गोष्ट ज्या खेळात एका चुकलेल्या पावलाने डाव हातचा जातो त्या खेळात असाधारण होय. ऑलिंपिकची पात्रता मात्र एका विजयावर मिळणारी नव्हती; देशोदेशी भरणाऱ्या प्रमुख स्पर्धांतील गुणांची बेरीज करून क्रमवारी ठरत होती, आणि त्यासाठी वर्षभर विमानतळ, वजनकाटा आणि गादी या तीन ठिकाणांच्या फेऱ्या चुकत नव्हत्या. त्यातच मार्च २०२० मध्ये महामारीमुळे ऑलिंपिक एक वर्ष पुढे ढकलले गेले. विशीतल्या खेळाडूला ते वर्ष तयारीचे होते. तिशी ओलांडलेल्या खेळाडूला तेच वर्ष शरीराकडून उसने घ्यावे लागले. तरीही तिने जागा मिळविली, आणि विवाहोत्तर अरापोलू हे नाव मूळ नावाला जोडून ती टोकियोस रवाना झाली. तुर्कस्तानच्या पथकात कराटेचे सात जण होते, आणि त्या सातांत चार स्त्रिया होत्या: सेराप, ६१ किलोंच्या गटातील मेर्वे चोबान, ६१ किलोंच्या वरील गटातील मेल्तेम होजाओलू, आणि कातामधील दिलारा बोझान.

५ ऑगस्ट २०२१ रोजी निप्पॉन बुडोकान या सभागृहात कराटेने ऑलिंपिकच्या इतिहासात पहिले पाऊल टाकले. १९६४ च्या ऑलिंपिकमधील ज्युदोसाठी बांधलेली ही वास्तू जपानी युद्धविद्यांचे तीर्थक्षेत्र मानली जाते. महामारीच्या निर्बंधांमुळे मात्र त्या दिवशी तिच्यात प्रेक्षक नव्हते. कातामध्ये स्पेनची सान्द्रा सांचेझ हिने वयाच्या ३९ व्या वर्षी या खेळाचे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले. त्याच दिवशी ५५ किलोंच्या स्त्रिया लढल्या. दहा जणींचे पाच-पाचांचे दोन संच, प्रत्येक संचात प्रत्येकीने प्रत्येकीशी तीन मिनिटांची लढत द्यावयाची, आणि दोन्ही संचांतून पहिल्या दोघींनी उपान्त्य फेरीत जावयाचे, असा जाबता होता. सेराप आपल्या संचातून पुढे जाऊ शकली नाही. मिहो मियाहारा हिलाही, यजमान देशाची आणि माद्रिदची जगज्जेती असूनही, उपान्त्य फेरी गाठता आली नाही. तीन वर्षांपूर्वी ५० किलोंच्या मुलखाचे सुवर्ण आणि रौप्य ज्या दोघींनी वाटून घेतले होते, त्या दोघी एकाच दिवशी पदकाच्या शर्यतीतून बाहेर पडल्या. बल्गेरियाची इवेत गोरानोवा विजयी झाली आणि युक्रेनची आन्झेलिका तेर्ल्युगा दुसरी आली.

एवढ्यावरून हलक्या वजनाला ऑलिंपिकमध्ये थारा नव्हता असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल, आणि इतिहास लिहिणाऱ्याने आपल्या मताला सोयीचा तेवढाच पुरावा रुजू करणे योग्य नव्हे. ऑस्ट्रियाची बेटिना प्लांक हीसुद्धा ५० किलोंच्याच गटात वाढलेली, आणि २०१९ च्या मिन्स्क येथील युरोपीय क्रीडास्पर्धांत याच गटाची विजेती होती. तिने टोकियोत कांस्यपदक मिळविले. सेरापचाच देशबंधू एराय शामदान हा ६० किलोंच्या गटातला. पुरुषांतही ६० व ६७ किलोंचे गट एकत्र केले गेले होते, आणि त्याने त्याच दिवशी ६७ किलोंच्या गटात रौप्यपदक जिंकून दाखविले. यावरून असे दिसते, की तराजूचा बदल पराभव अटळ करीत नाही. तो स्पर्धेचा प्रश्नच बदलून टाकतो. समान शरीरांमध्ये श्रेष्ठ कोण हे शोधण्यासाठी वजनाचे गट निघाले. गट एकत्र केल्यावर ‘अधिक जड शरीरासमोर कोण टिकतो’ असा दुसराच प्रश्न विचारला जातो. प्लांक आणि शामदान यांनी त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिले, हा त्यांचा गौरव होय. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देऊन चुकलेल्या सेरापकडून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, एवढ्यावरून तिच्या पहिल्या उत्तराचे मोल उणे होत नाही.

दुसऱ्या दिवशी, ६ ऑगस्टला, मेर्वे चोबान गादीवर आली. तिचा ६१ किलोंचा गट बेरीज-वजाबाकीतून सुटलेला होता. जे वजन, जे अंतर आणि ज्या प्रतिस्पर्धी तिने वर्षानुवर्षे ओळखल्या होत्या, त्याच तिच्या समोर होत्या. आपल्या संचातून ती उपान्त्य फेरीत गेली आणि तेथे हरली, तरी टोकियोतील लढतींच्या नियमाप्रमाणे उपान्त्य फेरीत हरणाऱ्या दोघींनाही कांस्यपदक मिळत असल्यामुळे तिच्या गळ्यात पदक पडले. सर्बियाची योवाना प्रेकोविच त्या गटात सुवर्णपदकाची मानकरी ठरली. ऑलिंपिकमध्ये कराटेचे पदक मिळविणारी चोबान ही पहिली आणि आजपर्यंतची एकमेव तुर्की स्त्री होय. त्याच दिवशी अली सोफुओलू याने कातामध्ये, आणि दुसऱ्या दिवशी उऊर आक्ताश याने ७५ किलोंच्या वरील गटात कांस्यपदक मिळविले. अशा रीतीने तुर्कस्तानची चार पदके झाली. सुवर्ण एकही नव्हते, परंतु टोकियोतील कराटेत याहून अधिक पदके कोणत्याही देशाला, यजमान जपानलाही, मिळाली नाहीत. त्याच ऑलिंपिकमध्ये मुष्टियुद्धात बुसेनाझ स्युर्मेनेली हिने सुवर्ण आणि बुसे नाझ चाकिरोलू हिने रौप्य जिंकले, ही गोष्ट लक्षात घेता, बर्लिनच्या दोन तरुणींनी ८५ वर्षांपूर्वी आरंभिलेल्या परंपरेने टोकियोत केवढी उंची गाठली होती याची कल्पना येईल.

यानंतर कराटेचे ऑलिंपिक-दार पुन्हा मिटले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या यादीत तो असणार नाही हे टोकियोची स्पर्धा होण्यापूर्वीच स्पष्ट झालेले होते. २०२८ च्या लॉस एंजेलिसच्या जादा खेळांच्या यादीवर मोहोर उमटली ती आपल्या मुंबईत. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे १४१ वे अधिवेशन मुंबईस भरले, आणि क्रिकेट, बेसबॉल-सॉफ्टबॉल, फ्लॅग फुटबॉल, लॅक्रोस व स्क्वॉश या पाच खेळांना त्यात मंजुरी मिळाली. क्रिकेट १९०० नंतर प्रथमच ऑलिंपिकमध्ये परतणार याचा आनंद आपल्या देशात झाला आणि तो रास्तच होता. परंतु विचारार्थ असलेल्या खेळांत कराटेही होता, आणि त्याच ठरावाने त्याची वाट आणखी चार वर्षांसाठी अडविली, ही गोष्ट त्या उत्साहात कोणाच्या फारशी ध्यानी आली नाही. एका सभेतील एकच ठराव कोठे उत्सवाचे निमित्त होतो आणि कोठे एका पिढीच्या आशेला पूर्णविराम देतो. या दोन्ही परिणामांची नोंद एकाच पानावर झाली पाहिजे.

सेराप ओझचेलिक हिच्या कारकीर्दीचे मोजमाप करताना म्हणून दोन पद्धतींमधून निवड करावी लागते. ऑलिंपिकचे पदक हीच एकमेव मोजपट्टी धरली, तर जिने जागतिक सुवर्ण, जागतिक रौप्य आणि युरोपीय क्रीडास्पर्धांचे सुवर्ण मिळविले त्या स्त्रीचे नाव यादीत येणारच नाही. आणि या मोजपट्टीचा दोष असा, की ती खेळाडूच्या कर्तृत्वाबरोबर समित्यांच्या जागावाटपालाही कर्तृत्वातच धरते. दुसरी पद्धत कष्टाची, परंतु न्यायाची आहे: प्रत्येक खेळाडूला तिच्या काळाच्या, तिच्या गटाच्या आणि तिला प्रत्यक्षात मिळालेल्या संधीच्या मापाने मोजावे. त्या मापाने २०१४ ते २०१८ या काळातील ५० किलोंच्या कराटेचा इतिहास सेराप ओझचेलिक हिच्या नावावाचून लिहिता येणार नाही.

हलक्या शरीराच्या स्त्रियांचा हा प्रश्न एकट्या कराटेपुरता नाही. जेथे जेथे जागांची काटकसर करावयाची वेळ येते, तेथे तेथे प्रथम कात्री लागते ती टोकाच्या गटांना, आणि त्यातही ज्यांच्या बाजूने सभागृहात बोलणारे थोडे असतात त्यांना. शेन्युर्त व तायलान यांच्या ४८ किलोंच्या गटांनी तुर्की स्त्रियांना ऑलिंपिकमध्ये मानाचे पान मिळवून दिले, हे ज्यांनी पाहिले त्यांना या गटांचे मोल पटवून देण्याची गरज नाही. कराटे ऑलिंपिकमध्ये परत यावा यासाठी त्याचे अनुयायी झटत आहेत, आणि तो येईल अशी आशा बाळगण्यास जागा आहे. तो येईल तेव्हा महासंघाने प्रवेशाच्या घाईत पुन्हा तीन गटांवर समाधान मानू नये. स्वतःच्या नियमावलीत जे पाच गट त्याने न्याय्य म्हणून आखले, तेच तेथेही मागावेत, आणि त्या मागणीच्या समर्थनार्थ पहिला पुरावा म्हणून सेराप ओझचेलिक हिची कारकीर्द सभेपुढे ठेवावी.